वाघिणीवरची तारीख

अमेरिकेतल्या मालगाडीची १:८७ प्रमाणातली हुबेहूब प्रतिकृती करायची, तर मूळ वाघीण कशी होती हे आधी शोधावं लागतं. पण प्रश्न असा मांडला की त्याला नेमकं उत्तर सापडत नाही. एकाच कंपनीची, एकाच क्रमांकाची वाघीण १९२५ साली एक असते आणि १९५० साली बरीचशी वेगळी असते. तिच्या खालचे ट्रक, म्हणजे चाकांच्या दोन-दोन जोड्या धरून ठेवणारे सांगाडे, बदललेले असतात; ब्रेकची सगळी यंत्रणा बदललेली असते; छपरावरच्या लाकडी फळ्यांच्या जागी पोलादी जाळी आलेली असते आणि अंगावरची अक्षरं अनेकदा नव्याने रंगवलेली असतात. म्हणून विचारायचं ते एवढंच, की अमुक वर्षी अमुक महिन्यात ही वाघीण कशी होती. त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळू शकतं, कारण या वाघिणी दुसऱ्यांच्या रुळांवर फिरत होत्या. एका कंपनीची मालमत्ता दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली की हिशेब आला, जबाबदारी आली, नियम आले. आज ज्याला आपण तपशील म्हणतो, तो या देवघेवीने मागे ठेवलेला पुरावा आहे.

कॅलिफोर्नियात लाकूड भरलेली वाघीण न्यू यॉर्कला पोचेपर्यंत तीन-चार कंपन्यांच्या रुळांवरून जाई. वाटेत ती मोडली तर खर्च कोणी सोसायचा, कोणता सुटा भाग कुठल्या मापाचा असावा, हे ठरवण्यासाठी मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन १८६७ मध्ये स्थापन झाली. १८९३ च्या कायद्याने आपोआप जोडले जाणारे कपलर आणि हवेच्या दाबाचे ब्रेक सक्तीचे केले. १९०२ पासून परक्या वाघिणीचं भाडं दिवसावर मोजलं जाऊ लागलं. या व्यवहारासाठी ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ नावाचा जाडजूड ग्रंथ नियमाने छापला जाई. त्यात प्रत्येक कंपनीच्या वाघिणींची क्रमांकवार यादी, आतली लांबी-रुंदी-उंची, वजन पेलण्याची क्षमता आणि त्या घडीला चालू असलेल्या वाघिणींची संख्या असे. हा ग्रंथ यार्डातल्या कारकुनासाठी होता, पण आज लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या की कोणती मालिका कधी आली आणि कधी भंगारात निघू लागली हे आकड्यांवरून कळतं. मालाचं भाडं वजनावर आकारलं जाई, म्हणून भरलेल्या वाघिणीतून रिकामीचं वजन वजा करावं लागे. लाकूड पाणी पितं, वाळतं. दुरुस्तीत भाग बदलतात. त्यामुळे रिकामं वजन ठरावीक मुदतीने पुन्हा घ्यावं लागे. नव्या वाघिणीवर वजनाशेजारी ‘न्यू’ आणि महिना-वर्ष लिहिलेलं असे. फेरवजन झालं की तेवढाच चौकोन ताज्या रंगाने झाकून त्यावर नवा आकडा, वजन घेणाऱ्या ठिकाणाचं सांकेतिक अक्षर आणि तारीख उमटवली जाई. धुरकटलेल्या, मळलेल्या अंगावर हा एक स्वच्छ चौकोन लगेच उठून दिसतो. जुन्या फोटोच्या पाठीवर तारीख नसली, तरी हा चौकोन वाचून तो फोटो कोणत्या महिन्याच्या आधीचा नाही एवढं खात्रीने सांगता येतं.

बंदी आणि मुदतीचे नियम तर याहून बोलके आहेत. आर्चबार ट्रक म्हणजे चपट्या लोखंडी पट्ट्या वाकवून, बोल्टने जोडून केलेला ट्रक. तो स्वस्त होता आणि कुठल्याही वर्कशॉपात दुरुस्त होई, पण बोल्ट ढिले पडले की चाकं रुळांवरून उतरत. देवघेवीच्या वाघिणींवर त्याला मनाई करायचं ठरलं, मुदती पुढे ढकलल्या गेल्या आणि १९४० च्या सुमारास मनाई खरोखर अमलात आली. पण ती परक्या रुळांवर जाणाऱ्या वाघिणींपुरतीच होती. कंपनीच्या स्वतःच्या हद्दीत, रुळांच्या कामासाठी खडी आणि सामान वाहणाऱ्या वाघिणींखाली आर्चबार पुढेही चालत राहिले. ब्रेकचंही तसंच. जुन्या ‘के’ पद्धतीत बहुधा सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप एकाला एक जोडून एकच लांबट नग असे. १९३३ पासून नव्या वाघिणींना सक्तीच्या झालेल्या ‘एबी’ पद्धतीत ही तिन्ही अंगं वेगळी झाली आणि तळाखाली निरनिराळ्या जागी टांगली गेली. जुन्या वाघिणींवर हा बदल करायची मुदत लांबत लांबत १९५३ पर्यंत गेली. त्यामुळे १९४८ सालची गाडी दाखवताना दोन्ही पद्धती दिसल्या पाहिजेत, आणि १९५५ च्या देवघेवीच्या वाघिणीखाली ‘के’ दिसला तर ती चूक ठरते.

यावर पहिला आक्षेप असा, की प्रमाणित आराखडे असताना एवढा खटाटोप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या महायुद्धात सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्यावर १९१८ मध्ये यूएसआरए या सरकारी रेल्वे प्रशासनाचे आराखडे आले आणि त्यांवरून सुमारे एक लाख वाघिणी बांधल्या गेल्या. पुढे १९३२ आणि १९३७ मध्ये पोलादी बॉक्सकारचे, म्हणजे बंदिस्त वाघिणीचे, प्रमाणित आराखडे ठरले. पण त्यांनी मुख्य मापं आणि सांगाडा ठरवला. टोकाचा नालीदार पत्रा कोणाचा, छप्पर कोणत्या पद्धतीचं, दार कोणत्या कारखान्याचं, हातब्रेकचं चाक कोणतं, हे विकत घेणारी कंपनी ठरवी. १९३२ च्या एकाच आराखड्यावर सपाट टोकं आणि ड्रेडनॉट नावाची नालीदार टोकं दोन्ही आढळतात. यूएसआरएच्या लाकडी अंगाच्या कित्येक वाघिणींवर नंतर पोलादी पत्रे चढवले गेले. आराखडा जन्माच्या वेळचा हेतू सांगतो. पुढच्या आयुष्याबद्दल तो काही सांगू शकत नाही.

मग संग्रहालयातली खरी वाघीण मोजावी, हा दुसरा मार्ग सरळ वाटतो, आणि रिव्हेटांमधलं अंतर किंवा पत्र्याची घडी यांसाठी तो उत्तमच आहे. मात्र टिकलेल्या जुन्या वाघिणींपैकी बऱ्याच नंतर रुळांच्या देखभालीच्या कामावर गेल्या होत्या म्हणूनच भंगारातून वाचल्या. त्या कामासाठी खिडक्या कापल्या गेल्या, दारं बदलली, ट्रक दुसरे आले. धावत्या आयुष्यातल्या ठरावीक दिवसासाठी फोटोच लागतो. त्यातही कारखान्याने काढलेला फोटो कोऱ्या वाघिणीचा, बाजूने घेतलेला असतो. छप्पर त्यात जवळजवळ दिसतच नाही. ती उणीव छायाचित्रकार जॅक डेलानोने भरून काढली. १९४२-४३ मध्ये ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन या सरकारी खात्यासाठी त्याने शिकागोच्या यार्डांचे फोटो उंचावरून काढले, काही रंगीत कोडाक्रोम फिल्मवरही, आणि ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सर्वांना पाहता येतात. शेकडो छपरं, त्यांवरच्या फळ्या, काजळी, ठिगळं एका नजरेत येतात. या रंगीत फोटोंचं मोल मोठं आहे, कारण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जाणवत नसे. अशा फोटोत तांबूस वाघीण काळी दिसते आणि तिच्या रंगाबद्दल त्यावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं असतं. तिथे रंगकामाचे कागद किंवा रंगीत फोटोच हवेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: रुळांवर पळणाऱ्या वीतभर वाघिणीचा ब्रेक कोण वाकून बघणार? तळाखालचा ब्रेक फारसं कोणी बघत नाही, हे मान्य. पण याच संशोधनातून जे निघतं, ते दुरूनही दिसतं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९२४ पासून जवळपास ३० हजार एक्स-२९ वाघिणी बांधल्या. त्यांची आतली उंची ८ फूट ७ इंच. १९३२ च्या आराखड्यात ती ९ फूट ४ इंच झाली, १९३७ मध्ये १० फूट. एक्स-२९ आणि १९३७ ची वाघीण यांतला फरक प्रतिकृतीत पाच मिलिमीटर भरतो. १९४० च्या दशकातल्या गाडीचा माथा त्यामुळे सरळ रेषेत नसे, वरखाली होत जाई. एकाच साच्यातल्या वीस वाघिणी जोडल्या की हा माथा सपाट होतो आणि गाडी कुठल्याच काळाची राहत नाही. कोणत्या वाघिणी किती जोडाव्यात, याचा पुरावा कंडक्टरांच्या वह्यांत आहे. गाडीतल्या प्रत्येक वाघिणीची कंपनी आणि क्रमांक तिथे नोंदलेला असे. या वह्यांतून स्थानिक कंपनीच्या वाघिणींबरोबरच दूरदूरच्या कंपन्यांच्या सामान्य बॉक्सकार निघतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण बहुधा देशभरातल्या त्यांच्या ताफ्याच्या आकाराला धरून असतं. म्हणून सदर्न पॅसिफिकचा कॅलिफोर्नियातला डोंगरी मार्ग दाखवणाऱ्यानेही हजारो मैलांवरच्या पेनसिल्व्हेनियाच्या त्या बुटक्या एक्स-२९ गाडीत जोडायला हव्यात, मग त्या कंपनीचा एक मैल रूळही तिथे नसला तरी चालेल.