सोबतीचे माणूस: प्लेग, कोविड आणि नाशिकमधील स्मृतिभ्रंश

साथीच्या रोगात आजाऱ्याजवळ घरच्या माणसाला राहू द्यावे की नाही, हा प्रश्न नाशिकला नवा नाही. 1896 मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग लवकरच नाशिक जिल्ह्यात पोहोचला आणि 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारला आजारी व संशयित माणसे वेगळी ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले. तरीही, नाशिकजवळच्या भगूर येथे 1899 मध्ये दामोदरपंत सावरकर प्लेगने दगावल्यानंतर त्यांचा धाकटा मुलगा नारायण याला नाशिकच्या इस्पितळात हलवावे लागले, तेव्हा नारायणाचे थोरले बंधू बाबाराव शुश्रूषेसाठी त्याच्याजवळच राहिले. त्यांनाही लागण झाली, पुढे दोघेही बरे झाले. सोबतीच्या या रीतीत धोका होता, हे नाकारता येत नाही. पण आजाऱ्याला एकटे टाकायचे नाही, ही समजूत त्या धोक्यापुढेही टिकून राहिली.

अशा सोबतीची गरज स्मृतिभ्रंश झालेल्यालाही असते, पण त्या काळी म्हातारपणच्या विस्मरणाकडे घरोघरी आजार म्हणून सहसा पाहिले जात नसे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घर ते सांभाळून घेई, क्वचित थट्टेवारीही नेई. 1901 ते 1911 या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान, बालमृत्यूंमुळे फार खाली ओढले गेलेले, सुमारे 23 वर्षे होते आणि आलोइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले तेच मुळी 1906 मध्ये. स्मृतिभ्रंश हा एकच रोग नसून स्मरण, भाषा, निर्णयशक्ती व दिशाज्ञान ढासळवणाऱ्या विकारांचा समूह आहे आणि त्यात अल्झायमरचा विकार सर्वाधिक आढळतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढच्यांचे प्रमाण 9.9 टक्के होते, तर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशातील या वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, असे अनुमान मांडले.

या विकारात नुकतीच घडलेली गोष्ट आधी विसरली जाते, अंगवळणी पडलेली सवय मात्र बरीच टिकते. त्यामुळे सकाळचा गोदाघाट, देवदर्शन, ओळखीचा दुकानदार हाच अशा नाशिककराच्या दिवसाचा आधार असतो. 25 मार्च 2020 पासूनच्या टाळेबंदीने नेमका तोच काढून घेतला. मुखपट्टीमुळे घरचे चेहरेही अनोळखी झाले. 2021 च्या मार्चअखेरीस गर्दी आवरण्यासाठी नाशिकच्या बाजारपेठांत पाच रुपयांची तासाभराची पावती आणि जास्त रेंगाळणाऱ्यास 500 रुपये दंड असा नियम आला. हेतू रास्त होता, परंतु ज्याला तासाचे भान उरलेले नाही त्याचा विचार त्यात नव्हता.

सर्वांत कठीण होता विलगीकरण कक्ष. वृद्धांत कोविडचे पहिले लक्षण कधीकधी ताप नसून डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारी भ्रमावस्था, असे. परके वातावरण आणि परिचित आवाजाचा अभाव ही अवस्था अधिक बिघडवतात. जो आपले दुखणे सांगू शकत नाही, त्याच्या वतीने बोलणारा नातेवाईकच दाराबाहेर राहिला. संसर्ग रोखण्यासाठी हे आवश्यक होते, असे म्हटले जाते. सर्वांसाठी नसले तरी संरक्षक पोशाखातील एका नातेवाइकाला अशा रुग्णाजवळ राहू देता आले असते.

2020 मध्ये महाराष्ट्राने पुन्हा वापरला तो कायदा 1897 चाच. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठरवली गेली आणि ते योग्यच झाले. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाजवळ परिचित माणूस राहू देण्याची तरतूद त्या दुरुस्तीत नव्हती. पुढची साथ येण्याआधी ती व्हावयास हवी.