लोहारकाम, ब्रिटिशकालीन (लोणंद परिसर)

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, तेव्हा लोणंद (ता. खंडाळा, जि. सातारा) व नीरा खोऱ्यातील अन्य गावांत लोहार हा बलुतेदार होता. नांगराचा फाळ, कुळवाची फास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडविणे आणि झिजलेल्या फाळाला लोखंड जोडून टोक काढणे, ही त्याची कामे. मोबदला सुगीत खळ्यावर धान्यरूपाने मिळे. लोखंड व कोळसा पुष्कळदा शेतकरीच पुरवी. भाता, ऐरण, घण, हातोडा, सांडशी व छिन्नी ही त्याची मुख्य साधने. गावोगाव हिंडणारे घिसाडी किरकोळ कामे करीत.

हे लोखंड पूर्वी अंशतः याच जिल्ह्यात तयार होई. महाबळेश्वरच्या डोंगरातील जांभ्या खडकात सापडणारे खनिज धावड लोक लहान भट्ट्यांत लोणारी कोळशावर गाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलतोडीवर निर्बंध आले, कोळसा महागला व विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले. त्यामुळे या भट्ट्या विझल्या. देशी लोहोद्योगाच्या ऱ्हासात धावड व लोहार यांची गणना सरसकट एकत्र केली जाते, ती बरोबर नाही. धावडाचा धंदा बुडाला. लोहाराला मात्र तयार पट्ट्या व गज मिळू लागल्याने त्याचे ठोकण्याचे श्रम उलट कमी झाले.

सदर्न मराठा रेल्वेचा पुणे–मिरज मार्ग १८९० च्या सुमारास पूर्ण झाला. त्यावरील लोणंद हे फलटण संस्थानालाही जवळचे स्थानक असल्याने बैलगाड्यांची ये-जा वाढली आणि चाकांना धाव चढविण्याचे काम महत्त्वाचे ठरले. धाव चाकाच्या घेराहून किंचित लहान ठेवून गोवऱ्यांच्या आरात लाल करीत. ती चाकावर बसवून लगेच पाणी ओतले, की आकसून आरे व पुठ्ठे घट्ट आवळी. माप थोडे चुकले, तरी सुताराने केलेले चाक वाया जाई. अशा कामाचे पैसे रोख घेण्याकडे कल होता व बलुत्याचा बंध तेथेच सैल होऊ लागला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आला, १९१० मध्ये औंध संस्थानात त्यांनी कारखाना काढला (सध्याची किर्लोस्करवाडी, जि. सांगली). लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी प्रथम तो घेईनात. त्याचा फाळ ओतीव असे. ओतीव लोखंड ठिसूळ असल्याने गावच्या ऐरणीवर ठोकून त्याला टोक काढता येत नसे. झिजलेला फाळ काढून नवा विकत आणावा लागे. लोहाराचे वर्षानुवर्षांचे ठरलेले काम अशा रीतीने कमी होत गेले आणि त्याच्याकडे मुख्यतः विळे, खुरपी, कुऱ्हाडी व गाडीची धाव एवढेच उरले.