दुधी काचेवरची उलटी शाळा

आपल्या शाळेच्या कार्यालयाबाहेर टांगलेले जुने ग्रुपफोटो पाहून आजची मुलं हमखास विचारतात, "यात कुणीच हसत का नाही?" मास्तरांचा धाक होताच, पण ते उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर त्या वेळच्या कॅमेऱ्यात, त्यातही त्याच्या मागच्या एका काचेत आहे. शाळा सोडल्यावर माझी चाळीस वर्षं जुने कॅमेरे दुरुस्त करण्यात गेली. म्हणून संपादकांनी लेख मागितला, तेव्हा याच काचेचा इतिहास लिहायचं ठरवलं.

तिवईवरचा तो लाकडी कॅमेरा जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे भिंग, मध्ये घड्यांचा भाता आणि मागे एका बाजूने घासून दुधी केलेली काच. साध्या काचेतून प्रकाश आरपार निघून जातो. घासलेल्या पृष्ठभागावर तो विखुरतो, म्हणून भिंगातून आलेलं चित्र तिथे उमटलेलं दिसतं. ते दिसतं मात्र उलटं : डोकी खाली, पाय वर, डावीकडचा उजवीकडे. चित्र मंद असतं, म्हणून छायाचित्रकार डोक्यावरून काळं कापड घ्यायचा.

पडद्यावर चित्र पाडण्याची ही युक्ती छायाचित्रणाहूनही जुनी. १६८५ साली योहान त्सान या जर्मन लेखकाने आपल्या ग्रंथात भिंग आणि आरसा बसवलेल्या, हातात मावणाऱ्या पेट्यांची चित्रं छापली होती. अशा पेटीत उमटलेलं दृश्य चित्रकार कागदावर गिरवून घेत. ते चित्र आपोआप टिकवण्याची दागेरची रीत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी जिरूने बनवलेले कॅमेरे विक्रीला आले. त्यांतही मागे दुधी काच होती. चित्र सुलटं दिसावं म्हणून तिच्यामागे तिरका आरसाही जोडलेला होता.

ही विद्या आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. नामवंत छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण तिथलेच विद्यार्थी. म्हणजे मुंबईत कॅमेरा आला, तसा तो लगेच शाळेतही पोहोचला. पुढे ओल्या प्लेटा जाऊन कोरड्या आल्या, कोरड्या जाऊन फिल्म आली, पण मागची दुधी काच तशीच राहिली.

ही काच फुटली तर मी नवी घरीच करायचो. दोन काचांमध्ये कार्बोरंडमची बारीक पूड आणि थोडं पाणी घालायचं आणि गोल गोल घासत राहायचं. दाणा जितका बारीक, तितकं चित्र स्पष्ट. कार्बोरंडम निघालं ते १८९० च्या दशकात. त्याआधी हेच काम कुरुंदाच्या पुडीने होई. कार्बोरंडमच्या नावातही आपला कुरुंद लपलेला आहे.

बसवताना घासलेली बाजू भिंगाकडेच हवी. काचेच्या जागी प्लेट येते, तेव्हा प्लेटचा मसाल्याचा थर नेमका त्याच अंतरावर यावा लागतो. भिंग पूर्ण उघडं असेल, तर एका मिलिमीटरच्या फरकानेही डोळ्यांची धार जाते.

आणि इथेच मुलांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्लेट आत सरकवली की काच बाजूला होते आणि छायाचित्रकाराला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. त्याने काचेवर पाहिलेलं चित्र आणि प्लेटवर उतरणारं चित्र यांच्यामध्ये काही क्षण जातात. तेवढ्यात कुणी मान वळवली, की बसवलेलं सगळं बिघडलं. त्यात खाली बसलेल्यांपासून बाकावर उभ्या असलेल्यांपर्यंत सगळे चेहरे स्पष्ट हवेत, म्हणून भिंगाचं छिद्र लहान करावं लागे. छिद्र लहान झालं की प्रकाश कमी आणि वेळ जास्त. भिंगाची टोपी हाताने काढून पुन्हा लावेपर्यंत निदान सेकंदभर सगळ्यांनी थांबायचं. हसू तेवढा वेळ एकसारखं टिकत नाही. म्हणून "हलू नका!" झाल्यावर सगळे चेहरे गंभीर.

आमच्या अकरावीच्या फोटोच्या वेळी गावातल्या छायाचित्रकारांनी मला त्या कापडाखाली डोकं घालू दिलं होतं. काचेवर शाळेची कौलं खाली होती, आभाळ तळाशी होतं आणि मुख्याध्यापकांसह सगळा वर्ग खुर्च्या-बाकांना लोंबकळत होता. पण मला सर्वांत नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मधल्या खुर्चीतले सर आणि कडेला उभे असलेले शाळेचे शिपाईकाका, दोघांच्याही सदऱ्याची बटणं सारखीच स्पष्ट दिसत होती. छायाचित्रकारांनी काचेच्या चारही कोपऱ्यांवर भिंग टेकवून एकेक चेहरा तपासला, मगच ते कापडाबाहेर आले.

हाफ प्लेटची निगेटिव्ह साडेसहा बाय पावणेपाच इंचांची. त्यामुळे साठ वर्षांनीही आपल्या फोटोंतला शेवटच्या रांगेतला चेहरा ओळखू येतो. ओळखणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत. गेल्या वर्षी मी कार्यालयाबाहेरचे सगळे फोटो काळजीपूर्वक उतरवून पाहिले. बहुतेकांच्या खाली फक्त शिक्षकांची नावं आहेत. काहींवर सालसुद्धा नाही. शिपाईकाकांचं नाव तर एकाही फोटोखाली नाही. आम्ही सगळे त्यांना 'काका'च म्हणायचो.

म्हणून मेळाव्याच्या दिवशी ग्रंथालयात या फोटोंच्या मोठ्या प्रती टेबलांवर मांडून ठेवणार आहोत. शेजारी कोरे कागद आणि पेन्सिली असतील. आपल्या वर्गाच्या फोटोपाशी दहा मिनिटं बसा आणि डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार आठवतील ती नावं लिहा. ज्यांना येणं जमणार नाही, त्यांनी घरच्या प्रतीवरून लिहून पाठवा. कडेच्या माणसांपासून सुरुवात केलीत तर बरं, कारण मधल्यांची नावं कुणी ना कुणी सांगेलच.