नासिका-पुनर्रचना (कपाळाच्या त्वचेची पद्धत)

गेलेले नाक कपाळाच्या कातडीतून घडवण्याची शस्त्रक्रिया. सुश्रुतसंहितेत यासाठी गालाची त्वचा सांगितली आहे.

टिपू सुलतानाच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी या गाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतील माणसाने घडवले. ऑक्टोबर १७९४च्या लंडनमधील ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकिकत छापली, पण कारागिराचे नाव दिले नाही, याची हळहळ वाटते. या पद्धतीत नाकाचा मेणाचा साचा कपाळावर सपाट करून त्याभोवती रेघ आखत, कातडी सोडवून नाकाच्या जागी वळवत; भुवयांमधला देठ, म्हणजे कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी, मात्र राखत. सारे कौशल्य या देठात, कारण त्यातूनच कातडीला रक्त मिळते. सुमारे २५ दिवसांनी तो कापत.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हीच पद्धत यशस्वीपणे वापरली. कपाळावर व्रण राहतो, पण रंग-पोत चेहऱ्याशी छान जुळतो; कर्करोगात गेलेल्या नाकासाठी ती आजही वापरतात.