पावसाचं बिल कोण भरतं?

२६ जुलै २००५ ची प्रत्येक मुंबईकराकडे एक गोष्ट असते. माझीही आहे. दुपारी सीप्झजवळच्या ऑफिसातून फोर्टातल्या एका मित्राला फोन लावला. "पाऊस आहे रे, पण रोजचाच," तो म्हणाला. मला वाटलं, फेकतोय. साकीनाका, असल्फा करत कमरेएवढ्या पाण्यातून मी पहाटे घाटकोपरला पोचलो, तेव्हा त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या होत्या.

पण तो खरंच बोलत होता. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३! आणि तेव्हा पालिका मुख्यतः याच दोन ठिकाणांच्या आकड्यांवर अवलंबून असायची. मुलुंड, बोरिवली, घाटकोपरमध्ये लाखो माणसं राहत होती, पण आमच्या डोक्यावर नेमकं किती पडतंय हे त्या क्षणी कंट्रोल रूमला सांगणारं यंत्र नव्हतं.

दोनच ठिकाणं का? याचं उत्तर शोधत गेलो आणि लक्षात आलं की हवामानाच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे बराचसा "पैसे कोणी दिले" याचा इतिहास आहे.

सुरुवात अर्थातच कुलाब्याला. तिथली वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली. कंपनीला काही पावसाचं प्रेम नव्हतं, तिला जहाजांसाठी अचूक वेळ आणि खगोलाचे वेध हवे होते. पण एकदा इमारत आणि पगारी माणसं असली की इतर कामंही होतात. १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे नियमित नोंदी सुरू झाल्या. टिळकांना पुढे गणित शिकवणारे केरूनाना छत्रे तरुणपणी तिथेच साहाय्यक होते. म्हणजे कॉलेजचा प्राध्यापक, हाताखाली हुशार पोरगा आणि पैसे देणारा तिसराच. आजच्या रिसर्च प्रोजेक्टहून फारसं वेगळं नाही!

काम मात्र कमालीचं कंटाळवाणं. दर तासाला यंत्र बघा, आकडा लिहा. पण २ सप्टेंबर १८५९ ला मोठं सौर वादळ आलं आणि कुलाब्याचा चुंबकीय आकडा सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला. तो लिहिणाऱ्याला काय चाललंय ते कळलं असेल असं वाटत नाही, पण त्याने लिहिला. १४४ वर्षांनी, २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी याच नोंदीवरून त्या वादळाची ताकद काढली.

अजून एक किस्सा. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार असं ठरलं. त्या विजेने चुंबकीय यंत्रं बिघडली असती, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका जुळवता यावी. आमच्या भाषेत चक्क पॅरलल रन! नाना मूस तेव्हा संचालक होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. सिस्टीम बदलताना जुना डेटा कसा जपायचा, हे त्यांच्याकडून शिकावं.

पुढचा मोठा पैसा १९६० च्या दशकात आला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत डझनभराहून जास्त देश आणि चाळीसच्या वर जहाजं उतरली होती. तिचं हवामान केंद्र १९६३ साली कुलाब्याला उभं राहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या निधीतून तिथे आयबीएम १६२० कॉम्प्युटर आला. गंमत म्हणजे या मशीनच्या पहिल्या मॉडेलला बेरजेचं सर्किटच नव्हतं. बेरजेची कोष्टकं मेमरीत ठेवायची आणि त्यात बघून उत्तर काढायचं, पाढे पाठ केल्यासारखं! वैज्ञानिक बाजू हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज बघत आणि त्यांच्या कामाला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा होता.

त्यातून काय मिळालं? जुलै १९६३ मध्ये आपल्या किनाऱ्याजवळ अरबी समुद्रावर एक विचित्र चक्रावात सापडला. त्याचा जोर जमिनीलगत नाही, तर काही किलोमीटर उंचीवर होता. मिलर आणि केशवमूर्ती यांचा त्यावरचा अभ्यास १९६८ साली होनोलुलूहून प्रसिद्ध झाला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा मुसळधार पाऊस समजून घेताना तो आजही महत्त्वाचा मानतात. पण मोहीम १९६५ ला संपली. जहाजं गेली, विमानं गेली.

आणि मग थेट २००५. पैसा पुन्हा आला, पण माणसं बुडाल्यावर. २००६ साली पालिकेने ३५ स्वयंचलित केंद्रं बसवली, बरीचशी फायर ब्रिगेडच्या छपरांवर. दर १५ मिनिटांनी आकडा कंट्रोल रूमला. सरासरी १६ चौरस किलोमीटरला एक. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांचा त्यात सहभाग होता. ही आयआयटी पवईला, म्हणजे ज्या तलावांच्या पाण्याने मिठी सुरू होते त्यांच्या शेजारीच! २०१२ साली तिथे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने हवामानबदलाच्या अभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. २०२४ साली त्याच लोकांनी मुंबईच्या पुराचं प्रायोगिक पोर्टल आणि अ‍ॅप खुलं केलं. पालिकेचं संशोधन केंद्र त्यात होतं आणि एचडीएफसी एर्गो या विमा कंपनीच्या साथीने चालणारी लॅबही.

म्हणजे बघा, आधी जहाजांची कंपनी, मग संयुक्त राष्ट्रं आणि अमेरिका, मग दिल्ली, आणि आता विमा कंपनी. प्रत्येकाला आपापल्या कामाचं उत्तर हवं होतं. त्यात गैर काही नाही, गाड्या बुडल्या की विमा कंपनीला पैसे मोजावे लागतातच. माझी धास्ती वेगळी आहे. प्रोजेक्टचं अनुदान साधारण तीन ते पाच वर्षांचं असतं आणि त्यात नवीन काहीतरी दाखवावं लागतं. यंत्र पुसणं, बॅटरी बदलणं, आकडे तपासणं यात नवीन काय? आपल्याकडे नाही का, फीचरला बजेट मिळतं आणि मेंटेनन्सला "बघू पुढच्या क्वार्टरला"!

हवामानाची सरासरी काढायला ३० वर्षांची नोंद धरतात. कुलाब्याकडे ती केव्हाचीच आहे. २००६ ची केंद्रं २०३६ ला तिशी गाठतील. अंधेरीचा पाऊस खरंच बदललाय का, घाटकोपरची गटारं तासाला किती मिलिमीटर धरून बांधायची, हे तेव्हा आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल. अट एकच, मधल्या वर्षांत नोंद तुटता कामा नये.

त्या रात्री मी मित्राला शिव्या घातल्या, कारण त्याचा पाऊस मला दिसत नव्हता आणि माझा त्याला. आमच्या गल्लीजवळच्या फायर स्टेशनच्या छपरावर आता एक यंत्र आहे. येताजाता मी वर बघतो. चालू असावं.