छोट्या गावातलं प्रोटेस्टंट चर्च चालतं कसं? मंडळी, अर्पण आणि मदतीचा हिशोब

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोकलचं पहिलं स्टेशन म्हणजे विठ्ठलवाडी. एका बाजूला कल्याण, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर, जवळून वाहणारी वालधुनी आणि दाटीवाटीने उभ्या चाळी-इमारती. अशा वस्तीत प्रोटेस्टंट चर्च शोधायला निघालेल्या माणसाला उंच मनोरा आणि घंटा दिसेलच असं नाही. कुठे जुनी दगडी वास्तू असते, कुठे रविवारपुरता भाड्याने घेतलेला हॉल असतो, तर कुठे एखाद्या सभासदाच्या घरातच उपासना भरते.

बाहेरच्या लोकांना चर्चविषयी बहुतेक वेळा दोनच गोष्टी ऐकून माहीत असतात. एक म्हणजे नाताळ. दुसरी म्हणजे ‘चर्चवाले गरिबांना मदत करतात’ आणि त्याला लगेच जोडून येणारं ‘पण कशासाठी?’ या दोन्हींच्या मधे वर्षभर चालणारं एक मोठं सामुदायिक जीवन असतं. ही मदत कुठून येते, कोणाला मिळते आणि तिच्यावरून वाद का होतात, हे त्यातूनच समजतं.

प्रोटेस्टंट म्हणजे नेमके कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती आहेत, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमी. वसईचे आणि मुंबईचे जुने ख्रिस्ती प्रामुख्याने कॅथलिक आहेत. त्यांचा इतिहास पोर्तुगीज काळाशी जोडलेला आहे. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जालना, सोलापूर, मिरज, कोल्हापूर या भागांतले मराठी ख्रिस्ती मात्र मोठ्या प्रमाणावर प्रोटेस्टंट आहेत. हे लोक एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि ब्रिटिश मिशनांच्या संपर्कातून ख्रिस्ती झाले. पुढे नोकरीधंद्यासाठी अनेक कुटुंबं मुंबई, ठाणे, पुण्याकडे आली आणि आपली मराठी उपासनाही सोबत घेऊन आली.

प्रोटेस्टंटांमध्ये पोपचा अधिकार मानला जात नाही. त्यांचे अनेक पंथ आहेत. त्यातले सहा पंथ एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. मेथडिस्ट, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आणि अनेक स्वतंत्र पेंटेकॉस्टल चर्च यापासून वेगळी आहेत. म्हणून एकाच गावात चार चर्च असली, तरी ती एकाच व्यवस्थेखाली चालतात असं समजू नये.

चर्च म्हणजे इमारत, मंडळी म्हणजे माणसं

मराठी प्रोटेस्टंट ‘चर्च’ या शब्दाइतकाच ‘मंडळी’ हा शब्द वापरतात. मंडळी म्हणजे तिथे नाव नोंदवलेले, बाप्तिस्मा घेतलेले सभासद आणि त्यांची कुटुंबं. मंडळीचे धार्मिक प्रमुख म्हणजे पाळक. त्यांना ‘पाळकसाहेब’ म्हणण्याची पद्धत आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या व्यवस्थेत पाळकांची नेमणूक आणि बदली धर्मप्रांताकडून, म्हणजे बिशपच्या कार्यालयाकडून होते. स्वतंत्र चर्चमध्ये मंडळी स्वतःच पाळक निवडते, किंवा ज्यांनी मंडळी सुरू केली तेच पाळक असतात.

रोजचा कारभार मात्र पाळक एकटे पाहत नाहीत. सभासदांनी निवडलेली कमिटी असते. तिच्यात सेक्रेटरी आणि खजिनदार असतात. वार्षिक सभेत जमाखर्च मांडला जातो आणि त्यावर वादही होतात. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल.

आठवडाभर काय चालतं?

रविवारची उपासना हा मुख्य कार्यक्रम. गीतं, बायबलचं वाचन, प्रार्थना, पाळकांचा उपदेश आणि अर्पण असा साधारण क्रम असतो. ठरावीक रविवारी प्रभुभोजनाचा विधी होतो. मराठी मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक वापरलं जातं. त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांचा मोठा वाटा आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग, भजन आणि कीर्तन सोडलं नाही. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी मराठी चाल दिली. त्यामुळे पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने चाललेली उपासना मराठी चर्चमध्ये नवलाची नाही.

उपासनेच्या जोडीला मुलांसाठी संडे स्कूल, तरुणांचा संघ आणि महिला मंडळ असतं. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सभासदांच्या घरी आळीपाळीने प्रार्थनासभा होतात. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची नोकरी गेली, कोणत्या मुलाची फी थकली आहे, हे अशा सभांतच कळतं. प्रार्थनेसाठी विषय विचारले जातात आणि लोक अडचणी सांगतात. पुढची मदत अनेकदा इथूनच सुरू होते.

पैसा येतो कुठून?

‘चर्चला परदेशातून भरपूर पैसा येतो’ हा समज जुना आहे. मिशनच्या काळात परदेशी निधी येत होता आणि काही मोठ्या संस्थांना आजही येतो. छोट्या मंडळीचा रोजचा खर्च मात्र सभासदांवरच चालतो. त्याचे मुख्य मार्ग असे:

* रविवारचं अर्पण: उपासनेत थैली किंवा तबक फिरवतात, त्यात ज्याला जे जमेल ते तो टाकतो.
* मासिक वर्गणी आणि दशांश: दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. काही चर्च त्याचा आग्रह धरतात, काही ते सभासदांवर सोडतात.
* उपकारस्तुतीची अर्पणं: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, नवी नोकरी किंवा आजारातून बरं होणं अशा निमित्ताने पाकीट दिलं जातं.
* कापणीचा सण: सुगीनंतर सभासद धान्य, भाज्या, नारळ, अंडी, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. शहरात शेत नसतं, म्हणून घरी केलेले पदार्थ किंवा बाजारातून आणलेल्या वस्तू ठेवतात. एखादा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, कारण बोली लावणाऱ्याला ते दानच करायचं असतं.

थोड्याथोडक्यातून मोठं काम उभं करण्याचं भारतातलं प्रसिद्ध उदाहरण मिझोरामचं आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांत दर वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढून ठेवण्याची प्रथा १९१० पासून आहे.

जमलेल्या पैशातून पाळकांचं मानधन, वीज, भाडं, दुरुस्ती आणि धर्मप्रांताचा वाटा जातो. मदतीसाठी उरणारी रक्कम छोटी असते. म्हणून छोट्या मंडळीची मदतही छोट्या स्वरूपाची असते. औषधांचं बिल, वह्या-पुस्तकं, महिन्याचं रेशन, अंत्यविधीचा खर्च, दवाखान्यात रात्री सोबत बसणारं माणूस, रक्तदाता शोधून देणं अशी ती असते. शेवटच्या दोन गोष्टींना तर पैसाही लागत नाही. घरं आणि माणसं ओळखीची असली की ते काम होतं.

दुष्काळातून उभं राहिलेलं काम

मदतीची ही सवय नवी नाही. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सहाव्या अध्यायात विधवांना अन्न नीट वाटलं जावं म्हणून सात जण निवडल्याची हकिगत आहे. महाराष्ट्रात या सवयीला आकार दिला तो शाळा आणि दुष्काळ यांनी.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला केंद्र सुरू केलं. तिथे मिस सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला फॅरारबाईंकडे. १८४२ मध्ये नगरहूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. १८७६ ते १८७८ चा आणि नंतर १८९६ ते १९०० या काळातले दुष्काळ यांनी मिशनचं काम बदलून टाकलं. अन्नछत्रं, अनाथालयं आणि हातकाम शिकवणाऱ्या शाळा उभ्या राहिल्या.

याच काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजाराहून अधिक जणी राहत होत्या. रमाबाईंनी नुसतं जेवण देऊन काम थांबवलं नाही. शेती, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली. अंध मुलींसाठी ब्रेलचे वर्ग सुरू केले. रमाबाईंनी केलेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतरही याच आश्रमाच्या छापखान्यात छापलं गेलं.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. आज मिरज वैद्यकीय उपचारांसाठी ओळखली जाते, त्याची एक मोठी सुरुवात तिथे आहे. नगरच्या मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलने २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णांवर उपचार केले.

मदत की आमिष?

याच इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. दुष्काळात मिशनच्या दारात आलेला माणूस ख्रिस्ती झाला, तर तो श्रद्धेने झाला की भुकेने, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. अशा लोकांना ‘दुष्काळी ख्रिस्ती’ म्हणून हिणवलंही गेलं. अनेक मिशनऱ्यांनाही ही शंका होती.

रमाबाईंच्या शारदा सदनाची हकिगत यात महत्त्वाची आहे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं हे विधवांचं वसतिगृह पुढे पुण्याला आलं. तिथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, असा आरोप ‘केसरी’ने लावून धरला. १८९३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामा दिला. कोणावर सक्ती केली नाही, पण आपण आपली प्रार्थना लपवणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. जवळच्या लोकांचा आधार तुटला, तरी काम थांबलं नाही.

एवढ्या वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे.

धर्म बदलण्याचा हिशोब नेहमी फायद्याचाच असतो, हेही खरं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही मिळत नाही. मराठी प्रोटेस्टंटांपैकी बऱ्याच घरांची मुळं दलित समाजात आहेत. अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्ती किंवा राखीव जागा न मिळणाऱ्या अशा घरांसाठी मंडळीने भरलेली फी ही मोठी गोष्ट असते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला.

कायद्याची चौकट

चर्चची मालमत्ता आणि धर्मादाय काम बहुतेक वेळा नोंदणीकृत ट्रस्टच्या नावावर असतं. महाराष्ट्रात त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यावे लागतात आणि विश्वस्त बदलले की तेही कळवावं लागतं. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि गावातल्या छोट्या संस्थेने तो वापरायचा, ही पद्धत त्यामुळे संपली. छोट्या मंडळ्या आता आपल्या सभासदांवर आणखी अवलंबून आहेत.

चांगली मदत कशी ओळखायची?

कोणत्याही धार्मिक संस्थेच्या मदतीबद्दल विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत. मदत मिळण्यासाठी उपासनेला येण्याची अट आहे का? दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यालाही ती मिळते का? घेणाऱ्याचा फोटो काढून त्याची गरिबी सगळ्यांना दाखवली जाते का? जमाखर्च सभासदांसमोर मांडला जातो का? मदत घेऊन निघून जाणाऱ्याशी लोक पुढेही पूर्वीसारखंच बोलतात का?

विठ्ठलवाडीसारख्या वस्त्यांत या प्रश्नांना रोजचा अर्थ आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-उल्हासनगर परिसरात पाणी घराघरांत शिरलं, ते घर कोणत्या धर्माचं आहे हे पाहून नव्हे. भाड्याची खोली, कंत्राटी नोकरी आणि गावाकडे राहिलेले आईवडील ही अशा वस्तीत सगळ्यांचीच स्थिती असते. तिथे देऊळ, मशीद, विहार आणि चर्च यांच्याकडे लोक धर्मासाठी जातात तसेच अडीअडचणीलाही जातात. रविवारच्या थैलीत पडलेल्या दहा-वीस रुपयांतून मग कोणाच्या तरी औषधाची चिठ्ठी भागते. बहुतेक वेळा त्याची नोंद खजिनदाराच्या वहीत एका ओळीची असते.