बीटी कापूस
बीटी कापूस हा जनुकीय परिवर्तित कापूस होय. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक त्यात घातलेले असल्याने झाडातच बोंडअळीस मारक प्रथिन तयार होते. भारतात त्याच्या लागवडीस २००२ मध्ये मान्यता मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. तथापि गुलाबी बोंडअळीत दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ मध्ये विदर्भात पिकाची मोठी हानी झाली. कडेने बिगर-बीटी कपाशीच्या 'आश्रय' ओळी लावल्यास ही प्रतिकारशक्ती सावकाश पसरते. पण बहुतांश शेतांत त्या लावल्या गेल्या नाहीत. हंगाम वेळेवर संपवणे, फरदड (हंगामानंतर राखलेले पीक) टाळणे व कामगंध सापळे लावणे, हे उपाय नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सुचवते.